ताईच्या खुर्चीची डावी बाजू

११ जून

ताई,

मुलाखत वाचली. आईने ती कापून फ्रिजच्या दारावर लावली आहे, त्यामुळे पाणी प्यायला गेलं तरी वाचावी लागते. फोटो छान आला आहे. केस आखूड केलेस ते बरं झालं, सारखे रंगात बुडायचे.

"घरी आम्ही तिघं मिळून एक चित्र काढायचो. त्या तिघांपैकी मी एक." हे तूच म्हणालीस की त्या पत्रकार बाईंनी सजवून लिहिलं? तूच म्हणाली असशील. तुझी बोलण्याची धाटणी मला ओळखू येते. आईला ते वाक्य कौतुकाचं वाटलं. "बघा, सगळ्यांची आठवण ठेवली पोरीने," असं ती शेजारच्या काकूंना सांगत होती. बाबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत दुकानात जाऊन वजनकाटे दुरुस्त करत बसले. मी रागावलेली नाही.

लिहिताना खाडाखोड करायची नाही, असं आईने आपल्याला शिकवलं होतं. चूक तशीच ठेवायची आणि पुढच्या वाक्यात सुधारायची. तर सुधारते. मी रागावलेली आहे. त्या तिघांत बाबा ईझल वर-खाली करायचे. मी तुझे ब्रश बदलायची, तोंडात धरायची काडी पुसायची, पाणी बदलायची. एवढंच. एकाही चित्राला मी बोट लावलेलं नाही. कुठला रंग घे, असंही कधी सुचवलं नाही. एकदा सुचवलं होतं, त्या पिवळ्या भिंतीच्या चित्राच्या वेळी, आणि तू ऐकलं नव्हतंस. म्हणजे चित्रं तुझीच होती. मग तिघं कुठून आली?

असो. भांडायला पत्र लिहिलेलं नाही. काम आहे.

अपंग लोकांसाठी साधनं बनवायला शिकवणारी ती संस्था तुला माहीत असेल, तू आता राहतेस त्या केंद्रातल्या चाकाच्या खुर्च्या तिथूनच येतात. मला तिथे शिकायला जायचं आहे. माझ्याकडे शाळेचा दाखला नाही. का नाही, ते तुला वेगळं सांगायला नको. पण दाखला नसलेल्यांसाठी त्यांनी एक वाट ठेवली आहे. आपण बनवलेलं एक साधन घेऊन जायचं, आणि ज्याच्यासाठी ते बनवलं त्या माणसाने परीक्षकांसमोर बसून तासभर ते वापरून दाखवायचं. बनवणाऱ्याने मध्ये हात लावायचा नाही.

मी तुझ्यासाठी एक साधन बनवलं आहे. तू घर सोडल्यावर बनवायला घेतलं. तू सोडलंस म्हणून, असा अर्थ काढू नकोस. काढलास तरी माझी काही हरकत नाही.

जुलैच्या शेवटी एक दिवस यावं लागेल. येशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. नाही म्हणालीस तर मला प्रवेश मिळणार नाही, कारण माझ्या ओळखीचं दुसरं कुणीच नाही की ज्याच्यासाठी मी काही बनवलं आहे. मग मी बाबांबरोबर वजनकाटे दुरुस्त करत राहीन. ते काही वाईट काम नाही.

धाकटी


२३ जून

ताई,

"येते. त्याच दिवशी परत जाईन. घरी राहणार नाही." तुझं पत्र मिळालं. शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवणार नव्हते, पण तिला खांद्यावरून वाचायची सवय आहे.

"राहणार नाही म्हणजे काय? इथे काय वाघ बसलाय?"

"आई, तिकडे तिला मदतनीस असते, सगळी सोय असते."

"मदतनीस! आणि तू काय मेली होतीस?"

बाबा म्हणाले, "मेली नाही, पण तिला आता स्वतःचं काही करायचं आहे."

"करू दे की. मी कुठे धरून ठेवलंय? एक तोंडाने जग जिंकायला निघाली आणि दुसरीला तर तोंडच नाही!"

मी हसले. तूही हसली असतीस. आई स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन चहा टाकायला गेली.

तू लिहिलं आहेस, की तुला माझ्यासाठी यायचंच आहे, कारण माझं शिक्षण तुझ्यामुळे राहिलं. असं लिहू नकोस. खरं असलं तरी लिहू नकोस. शाळेला जिने होते आणि मुख्याध्यापक बाईंना तुझी खुर्ची वर न्यायची नव्हती, यात तुझा काय दोष? आई तुला परत घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर तिने स्वतःच शाळा सुरू केली. पुढे माझी शाळेची वेळ आली तेव्हा ती बाबांना म्हणाली, "एक शाळेत आणि एक घरात, तर घरातली रडेल." म्हणून मलाही घरातच ठेवलं. बाहेरची रडेल का, हे विचारायचा प्रश्नच आला नाही, कारण बाहेरची कुणी उरलीच नाही. मी रडले नाही. मला आवडायचं. (सुधारते: सुरुवातीला आवडायचं.)

त्या टेबलाशी तुझी खुर्ची अशी लागायची की तुझ्या उजवीकडे भिंत. म्हणून मी डावीकडे. आधी वहीची पानं उलटायला, मग पेन्सिल तोंडात द्यायला, मग ब्रश. तू ब्रश मागायचीस तेव्हा नाव घेत नव्हतीस, नुसती मान माझ्याकडे वळवायचीस आणि तोंड उघडायचीस. आणि कुठला ब्रश हवा हे मला कळायचं. बाबा मला सांडशी म्हणायला लागले ते तेव्हापासून. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात दोन सांडश्या आहेत, एक गॅसजवळ असते आणि एक ताईजवळ." सगळे हसायचे. मीही हसायची. आता वाटतं, घरातल्या एका सामानाचं नाव मला दिलं होतं आणि मला ते लाडाचं वाटत होतं. पण तो लाडच होता, ताई. बाबांना दुसऱ्या तऱ्हेने लाड करताच येत नाहीत.

एवढं सगळं लिहायचं नव्हतं. तू येते आहेस याबद्दल आभार मानायचे होते. मानते.

धाकटी


९ जुलै

ताई,

मापं घ्यायला मी तिकडे कधी येणार, असं तू विचारलं आहेस. यायची गरज नाही गं. तुझी मापं मला पाठ आहेत. हनुवटी खुर्चीच्या हातापासून किती वर येते, मान पुढे किती झुकते, दातांत धरायचा तुकडा किती जाड लागतो. बाबांनी एकेक विचारलं आणि मी डोळे मिटून सांगितलं. मग तुझ्या कपाटातल्या जुन्या काड्या काढून ताडून बघितलं. केसाचाही फरक निघाला नाही. बाबा म्हणाले, "हिला मोजपट्टीच्या जागी टांगून ठेवा."

साधन कसं आहे ते सांगते. घरात आम्ही त्याला बगळा म्हणतो. तुझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला एक नळी घट्ट बसते. वर जाऊन ती बगळ्याच्या मानेसारखी वाकते आणि तिच्या टोकाला एक गोल चकती आहे. चकतीच्या खाचांमध्ये काड्या ठेवलेल्या असतात, प्रत्येकीला वेगळा ब्रश, आणि दातांत धरायचं टोक तुझ्याकडे. हनुवटीने चकती ढकललीस की पुढची काडी समोर येते. काम झालं की काडी खाचेत ठेवायची. तिच्या वजनाने मागचं टोक झुकतं आणि ब्रश पाण्याच्या वाटीत बुडतो. चकती पुन्हा फिरली की तो स्पंजवरून घासत जातो. नळीच्या मागे बाबांनी तराजूच्या दांडीसारखं वजन लावलं आहे. तू डावीकडे झुकलीस की बगळा जवळ येतो, तू चित्राकडे वळलीस की मागे सरतो, चित्राच्या आड येत नाही.

म्हणजे कुणी लागत नाही. काडी द्यायला नाही, घ्यायला नाही, पुसायला नाही. तुझ्या त्या तिघांतली दोघं गेली. आता तू एकटीच चित्र काढ आणि मुलाखतीत तसं सांग.

हे वाक्य कडवट झालं. पण खोटं नाही, म्हणून ठेवते.

चाचणी आम्ही आईवर घेतली. तिला तुझ्या जुन्या खुर्चीत बसवलं, हात ओढणीने मागे बांधले आणि तोंडात काडी दिली. आधी तिने बगळ्याला कपाळाने धडक दिली. मग जमलं. तिने एक निळी रेघ मारली, काडी ठेवली, लाल घेतली, लाल रेघ मारली. कुणीही हात लावला नाही. काडी तोंडात असल्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं, नुसती डोळे मोठे करून आमच्याकडे बघत होती. बाबा म्हणाले, "घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच." त्यावर तिने काडी थुंकली आणि जे काही बोलली त्याची तू कल्पना करू शकतेस.

नंतर मीही बसून बघितलं. संध्याकाळपर्यंत बसले. जबडा दुखला, तेवढं होणारच. बाकी बगळा बरोबर तिथेच येतो जिथे मी उभी असायची. डोळे मिटले तरी सापडतो.

मापांची काळजी करू नकोस. तू फक्त ये.

धाकटी


२ ऑगस्ट

ताई,

तू तिथेच होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण तू चित्राकडे बघत होतीस. माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला माहीत नसणार.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मला वाटलं की आपण काहीतरी बोलू. तू म्हणालीस, "वाळलीस." मी म्हणाले, "तू नाही." एवढ्या काळानंतरचं आपलं बोलणं. मग तुझ्या मदतनीस बाईंनी "अगंबाई, बहिणी किती सारख्या दिसतात!" म्हटलं, आणि आपण दोघींनी एकदमच दुसरीकडे बघितलं.

खोली तू पाहिलीसच. समोर किटली आणि बशी मांडलेली, मागे तीन परीक्षक. पिकल्या केसांच्या मुख्य मॅडम, डिझाइन शिकवणारे सर आणि फिजिओथेरपिस्ट. बाबा दाराशी टोपी हातात धरून उभे होते, जणू त्यांचीच परीक्षा होती. तू पहिली काडी घेतलीस आणि किटलीची कड एका झटक्यात काढलीस. सर पुढे सरकून बसले. तू काडी ठेवलीस, ब्रश पाण्यात बुडाला, चकती फिरली, दुसरी काडी आली. मॅडमनी सरांकडे बघून मान हलवली. मला वाटलं, झालं. मला प्रवेश मिळाला.

मग तू गुणगुणायला लागलीस.

मॅडम हळूच म्हणाल्या, "किती मजेत काम करतात या. गातायत सुद्धा!" सगळे हसले. बाबाही हसले. मी पण हसायला तोंड उघडलं होतं.

लहानपणी व्यायामाच्या बाई येऊन तुझे गुडघे वाकवायच्या. तू रडत नव्हतीस, नाकातून गुणगुणायचीस. आणि आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची, म्हणजे तिला ते ऐकू येऊ नये. तुझं तेच गाणं होतं, ताई. दुसरं कुठलं तुला येतच नाही.

तोपर्यंत मी बगळ्याकडे बघत होते. ब्रश नीट बुडतो का, चकती अडकते का, वजन सरकतं का. तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडे बघितलं. तू उजवीकडे सहज वळत होतीस, मॅडमकडे बघून डोळ्यांनी हसतही होतीस. पण बगळ्याकडे जाताना आधी खांदा पुढे यायचा, मग अख्खं अंग वळायचं आणि मान सगळ्यात शेवटी, ओढून आणल्यासारखी. मग गुणगुणणं. मग काडी.

बनवणाऱ्याने हात लावायचा नाही, असा नियम होता. बोलायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मी आधीच तपासून ठेवलं होतं, का कोण जाणे. मी म्हणाले, "थांबवा. तिला दुखतंय."

तू मान हलवून नाही म्हणालीस. ते 'नाही' सुद्धा एकाच बाजूला गेलं आणि मधूनच परत आलं.

"काही दुखत नाही," काडी ठेवून तू म्हणालीस. "ही लहानपणापासून घाबरट आहे. सावलीला घाबरते."

"ताई, डावीकडे बघ."

"तासभर तेच करतेय ना!"

"नुसती मान वळव. खांदा नको."

तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी विसरणार नाही. मॅडमनी फिजिओथेरपिस्टना खूण केली. ते उठून तुझ्यामागे आले आणि त्यांनी तुझ्या मानेवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे हे? तू म्हणालीस, "बरीच वर्षं."

बरीच वर्षं.

मॅडमनी मला विचारलं, "यांची मापं शेवटची कधी घेतली होती?"

"मला पाठ आहेत."

"पाठ कधी केली होती?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. मॅडम काही वाईट वागल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, साधन उत्तम आहे, वजनाची कल्पना तर सरांना फारच आवडली. "पण ते कुणासाठी बनवलं आहे, तेच मला कळत नाही. समोर बसलेल्या बाईंसाठी तर नाही." यंदा प्रवेश नाही. पुढच्या वर्षी या, दुसऱ्या कुणाला तरी घेऊन या, आणि त्या माणसाला आधी नीट बघा.

बाहेर आल्यावर तू मला फक्त एवढंच म्हणालीस, "गप्प बसता येत नव्हतं? थोडाच वेळ राहिला होता." आणि गाडीचं दार लागलं.

घरी आल्यावर आईने बाबांच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे या पोरीला," म्हणाली. मग विचारलं, "तिला खरंच दुखत होतं?" मी हो म्हटलं.

धाकटी


१२ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. "आयुष्यभर तुझ्याकडून घेत आले. एकदा तुला काहीतरी द्यायचं होतं. तेही तू घेतलं नाहीस."

नाही घेतलं. पुन्हा दिलंस तरी घेणार नाही.

जरा विचार कर, मी गप्प बसले असते तर काय झालं असतं. मला प्रवेश मिळाला असता. तू केंद्रात परत जाऊन आठवडाभर आडवी पडून राहिली असतीस आणि कुणाला कळवलं नसतंस. मी तिथे दोन वर्षं शिकले असते, बगळ्याचं कौतुक ऐकत. मग जे कुणी माझ्याकडे आलं असतं त्याच्या डाव्या हाताला मी बगळा बसवला असता, कारण डावीकडे तर चालतंच, माझी बहीण हसत वापरते. हे तू मला देणार होतीस.

तू लिहिलं आहेस, की मानेचं घरी असतानाच सुरू झालं होतं. केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की एकाच बाजूला वळून वळून हे झालं आहे, असंच चालू ठेवलं तर मानही जाईल. मग तिथल्या लोकांनी तुला उजवीकडे वळायला शिकवलं. घरी तू बोलली नाहीस, कारण डावीकडे मी उभी असायची. "मान दुखते म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, तूच दुखतेस."

वाटलं असतं, ताई. नक्कीच वाटलं असतं. मी जेवले नसते, रडले असते, आईने मला आणि तुला दोघींना फैलावर घेतलं असतं. आणि मग मी ते टेबल भिंतीपासून ओढलं असतं आणि पलीकडे जाऊन उभी राहिले असते. एवढंच होतं. खुर्चीला वळसा घालून पलीकडे जायचं.

त्याऐवजी तू घर सोडलंस. तुला ते सोपं वाटलं. जाताना म्हणालीस, "मला माझं माझं काम करायचं आहे." आई त्या वाक्यावर अजून विचार करते. मी त्या वाक्यावर एक अख्खं यंत्र बनवलं. मला वाटलं होतं, तुला माझ्यापासून सुटका हवी आहे, म्हणून मी स्वतःला वजा करून दाखवलं. आणि वजा करून माझ्याच जागी काय उभं केलं, ते तू बघितलंस. तिघं मिळून चित्र काढायचो म्हणालीस ते मला झोंबलं होतं. पण तू म्हणालीस ते बरोबर आहे, प्रत्येक ब्रशसाठी तुझी मान माझ्याकडेच वळायची. फक्त ते फ्रिजच्या दारावरून वाचायला लावायच्या आधी मला सांगायचं होतंस.

मी विचारलं नाही, हे खरं. घरात कुणीच कुणाला विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना सगळं कळत होतं. तू तोंड उघडलंस की मला ब्रश कळायचा. तोंड मिटून तू काय सोसतेस, ते कुणाला कळणार? आणि विचारलं असतं तरी तू खरं सांगितलं असतंस का? तीन अनोळखी माणसं समोर बसून बघत होती, तेव्हाही तू आधी मलाच घाबरट म्हणालीस.

तुझं पत्र आईने वाचलं. या वेळी खांद्यावरून नाही, मीच दिलं. वाचून तिने ते टेबलावर ठेवलं. मग बाबांना म्हणाली, "हे ओढा."

"काय ओढू?"

"टेबल. भिंतीपासून लांब करा."

"आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोगासाठी नाही सांगत. मला बघायचं आहे, जागा होती का."

बाबांनी आणि मी टेबल ओढलं. आई भिंतीच्या बाजूने आत गेली आणि उभी राहिली. जागा होती, ताई. माणूस आरामात उभं राहील एवढी.

धाकटी


५ ऑक्टोबर

ताई,

उशिरा लिहिते आहे. मुद्दाम उशीर केला नाही. (सुधारते: थोडा मुद्दाम केला.)

बाबांच्या दुकानावरची पाटी ज्यांनी रंगवली होती ते पाटीवाले काका तुला आठवत असतील. बाबांनी वजन तोलून दाखवलं की "तुमचा काटा खोटा आहे, माझी बायको याहून जड आहे" म्हणायचे. त्यांचा उजवा हात अर्धांगवायूत गेला. डावा थरथरतो. बाजारातली अर्धी दुकानं त्यांच्या अक्षरांखाली चालतात आणि आता त्यांना स्वतःची सही करता येत नाही. मी त्यांच्याकडे जाते. अजून काहीही बनवलेलं नाही. नुसती जाऊन बसते, विचारते, बघते. खांदा किती उचलतो, कुठल्या कुशीवर झोपता, कप कुठल्या बाजूला ठेवता, दुखतं का, कुठे, कधी.

परवा ते वैतागले. "पोरी, तू साधन बनवणार आहेस की माझं लग्न जमवणार आहेस? एवढं तर सासऱ्याने विचारलं नव्हतं!"

"मान दुखते का?"

"नाही."

"काका."

"नाही म्हणतो ना! एकदम ठणठणीत आहे."

"मग दाढी एकाच गालावर का केलीत?"

त्यांनी गालावरून हात फिरवला. त्यांच्या बायको आतून म्हणाल्या, "सांगा की आता! मी महिनाभर ओरडतेय तर मला आंधळी म्हणतात." मग ते पडेल चेहऱ्याने म्हणाले, की तिकडे वळवली की कळ येते. मला त्यांच्याकडून ते काढून घ्यायला तीन आठवडे लागले आणि ते मला परके आहेत. तुला मी जन्मल्यापासून ओळखते, आणि तुला एकदाही विचारलं नाही.

तू लिहिलं आहेस, की बगळा उजव्या बाजूला करून घे, पुढच्या वर्षी मी पुन्हा येते, या वेळी दुखलं तर सांगेन. बाबा नळी वाकवायला एका पायावर तयार आहेत. आईने तर जाहीरच करून टाकलं, की या खेपेला तू घरी राहणार. चादरी धुतल्या.

बगळा तुला चित्रं काढायला हवा असेल तर जरूर करून पाठवते. मापं तिथल्या कुणाकडून तरी घेऊन पाठव, मी पाठ असलेली वापरणार नाही. घरी यायचं असेल तर ये, आईसाठी ये, टेबल अजून भिंतीपासून लांबच आहे. माझ्यासाठी येऊ नकोस.

परीक्षेला मी काकांना घेऊन जाणार आहे. मला जागा मिळेल की नाही, माहीत नाही. त्या दिवशी तू तिथे नको आहेस. मागे बसून बघायलाही नको, बाहेर गाडीत थांबायलाही नको. तू आसपास असलीस की माझं सगळं लक्ष तुझ्याकडे लागतं, ती सवय काही जायची नाही. आणि तो तासभर मला काकांकडे बघायचं आहे.

धाकटी